आकाराम पेंटरची टाकी

टाकीच्या पोटाखाली साबणाचा फेस फुगला, फुटला आणि त्याच जागी पुन्हा फुगला.

पूर्णिमा फरशीवर कोपर टेकून खालून बघत होती. टाकीत हवा अगदी नावाला होती, दाबाचा काटा जेमतेम हललेला. तरी बुडबुडे थांबेनात. तिने खालचा नळ उघडून हवा पूर्ण सोडली. काटा शून्यावर आल्याची खात्री केली आणि मगच स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या जागी दाबलं. नवाकोरा निळा रंग पापडासारखा सुटला. खालून तांबूस भुगा तिच्या मनगटावर पडला.

"हा कॉम्प्रेसर जाणार नाही," ती म्हणाली.

दुकानाच्या दारात टेम्पो उभा होता. गळीत हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्या रंगवायच्या म्हणून मुरगूडचा बाळासो कॉम्प्रेसर भाड्यानं न्यायला आला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो दरवर्षी यायचा. पूर्णिमाचा नवरा सयाजी आणि तो, दोघांनी यंत्र उचललंच होतं, तेवढ्यात तिने अडवलं. भरल्या टाकीनं टेम्पोत चढवायचं नाही. आधी हवा सोडा, मग खालचा नळ उघडून पाणी काढा.

"वैनी, टाकीत हवा असती. पाणी कुठलं?" बाळासो हसला होता. "का टाकीत हीर खणलीया व्हय?"

हवेतलीच वाफ टाकीत पाणी होऊन तळाशी बसते, हे तिने सांगितलं. पण नळ फिरेना. रंगाच्या थरांखाली तो टाकीला चिकटूनच गेला होता. खरवडून खरवडून उघडला, तेव्हा चहासारखं पाणी आलं. ते बघून तिला गंजाची शंका आली, म्हणून नळ बंद करून तिने थोडीच हवा भरली आणि साबण कालवला होता.

आता बाळासो हसत नव्हता. "वेल्डिंगचा एक टाका मारला की झालं. न्हायतर हवा जरा कमी धरून चालवतो की."

"एका जागी गळतंय म्हणून कळलं, भावजी. बाकीचा पत्रा कुठं किती उरलाय, ते बाहेरून दिसत नाही. टाका मारला तर टाक्याच्या शेजारी फाटेल. आणि हवेची टाकी पाण्याच्या टाकीसारखी नुसती गळत बसत नाही. फुटते. शेजारी उभा असेल त्याला पळायलाही सवड मिळत नाही."

"अवो, पण रंग बघा की! आरशागत हाय."

खरी अडचण तो रंगच होता, आणि तो लावणाऱ्या तिच्या सासूबाई, चिमणाबाई, स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या.

सासरे आकाराम गेल्यापासून धंदा सयाजी बघायचा. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कॉम्प्रेसर रंगवायचा तो चिमणाबाईंनी. त्या दिवशी दुसऱ्या कुणी ब्रशला हात लावायचा नाही. आधी सगळ्या टाकीला निळा, नळाला, कडेला, सांध्यांना, कुठं म्हणून जागा सोडायची नाही. मग पांढऱ्यानं 'आकाराम पेंटर, कोल्हापूर'. ती अक्षरं नवऱ्यानं स्वतःच्या हातानं काढलेली. त्यांच्यावरून ब्रश फिरवत फिरवत चिमणाबाई तेवढी अक्षरं शिकल्या होत्या. दुसरं कुठलंही अक्षर त्यांना येत नव्हतं. पूर्णिमाचा या घरातला हा पहिलाच दसरा. परवा ती शेजारी बसून डबा धरत होती आणि रंग किती एकसारखा बसतोय, याचं तिला कौतुक वाटलं होतं.

"म्हंजे म्या रंग लावून लावून मशीन मारलं म्हंतीस?" चिमणाबाईंनी विचारलं.

सयाजीनं बायकोकडे पाहिलं. गप्प बस, असं ते बघणं होतं.

"रंगानं नाही मारलं, आत्ती. आतल्या पाण्यानं मारलं. रंगानं फक्त दिसू दिलं नाही."

टाकीवरचा झेंडूचा हार कालचाच होता. चिमणाबाई उठल्या, खाली वाकल्या आणि रंग सुटलेल्या जागेवर बोट फिरवून त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं. खरं ते सांगून झालं होतं. आता थोडं मऊ बोलायला हरकत नव्हती.

"मोटर काढून घेऊ," ती म्हणाली. "टाकी राहू दे की इथंच कोपऱ्यात. खंडेनवमीला तुम्ही रंगवा, पूजा करू. फक्त हवा भरायची नाही."

सयाजीचा चेहरा सैल पडला. "बरोबर हाय. आई, कोपऱ्यात ठिऊया."

"कोपऱ्यात कशाला?" बाळासो पुढं झाला. "मला द्या विकत. तुमची जिम्मेदारी न्हाय, झालं? आकारामदादाचं नाव हाय वर, मी डोळं झाकून नेतो."

चिमणाबाईंनी बाळासोकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. नाव वाचून त्याचा चेहरा खरोखरच निश्चिंत झाला होता. त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"सया," त्या म्हणाल्या, "ड्रिल काढ. भोकं पाड हिला."

"आई?"

"काढ म्हंते न्हवं."

सयाजीनं हार उतरवला. पूर्णिमानं तळाचा नळ उघडाच आहे ना, ते एकदा पाहिलं. मग त्यानं टाकी अलगद फिरवली आणि मागच्या बाजूला, जिथं नुसता निळा रंग होता, तिथं ड्रिलचं टोक धरलं. बटण दाबायला त्याचं बोट धजेना.

चिमणाबाईंनी टाकी पुन्हा पुढं वळवली. लेकाचं मनगट धरलं आणि ड्रिलचं टोक नवऱ्याच्या नावावर, पांढऱ्या अक्षरांच्या मधोमध आणून टेकवलं.

"हितं मार," त्या म्हणाल्या. "तेंचं नाव शाबूत राह्यलं, तर कुणीबी इश्वासानं हवा भरंल."