मागची चेन

टिण्. बशीत टाचणी पडली. स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली पाच वर्षांची कादी लोहचुंबकाने टाचण्या वेचून बशीत टाकत होती. तिची आई नेरिस टेबलावर पसरलेल्या कागदाकडे बघत उभ्याउभ्याच गार चहा पीत होती.

कागदावर गाऊनचा बेत होता, म्हणजे कापड कापायचा आराखडा. गावच्या संग्रहालयातला, दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा शेतकरणीचा गाऊन. त्याला ना बटण, ना नाडी. सकाळी अंगात चढवायचा आणि पुढून टाचण्या लावून बंद करायचा. काठावर त्यांची भोकं अजून होती, गंजाने तांबूस झालेली. नेरिसने एकेक भोक मापून बेतात उतरवलं होतं. पहिल्यांदाच मशीनवर बसणाऱ्या बायकांना घरी शिवता यावा म्हणून.

फोन वाजला. बेत छापून विकणारी डिलिस होती.

"अगं, ज्यांना शिवून बघायला दिला त्या तिघीही पोटाला टोचून घेऊन बसल्यात! एक विचारते, हा गाऊन आहे की साळिंदर?"

"आतून जाड चोळी घालायची असते. टाचण्या तिच्यात रुतवायच्या. लिहिलंय मी तसं."

"वाचतं कोण? मागे चेन लाव, विषय संपला. आणि घालून फोटो काढ, संध्याकाळपर्यंत पाठव. नाहीतर या खेपेला मी दुसरीचा बेत छापते."

"तेव्हा चेन नव्हती गं, डिलिस."

"तेव्हा फोनही नव्हता, राणी. बोलतेयस ना?"

नेरिस हसली नाही. हसायलाही अंगात बळ लागतं. तिने खोडरबर घेतलं आणि काठावरची भोकं एकेक करून पुसली. नमुना म्हणून स्वतः शिवलेल्या गाऊनची पाठ उसवली, चेन बसवली, पुढचा भाग शिवून टाकला. दुपार त्यातच गेली.

मग तिने तो घातला. चेन कमरेपर्यंत आली आणि थांबली. खालून हात पोचेना, वरूनही पोचेना. तिने डिलिसला फोन लावला.

"अर्ध्यावर अडतेय गं. माझा हातच पुरत नाही."

"एवढंच ना? मागून ओढून द्यायला घरात कुणीतरी असतंच की!" डिलिस बोलून गेली. "अगं... चुकलं माझं. ठेवते मी."

कादी आपणहून स्टूल ओढत घेऊन आली. वर चढली, दोन्ही हातांनी चेन धरली, दात आवळून ओढली.

"लाव जोर, बाळा."

चेन हलली नाही. दमून कादीने आईच्या उघड्या पाठीवर गाल टेकवला.

"आई, त्या बाईचा गाऊन पुढून बंद व्हायचा ना?"

"हो."

"म्हणजे तिच्या घरीपण दोघीच होत्या का?"