परदेशातली सतरा वर्षे

माणसाने माणसाला समजून घेतले पाहिजे, यावर जपानमधल्या एका शहरातल्या चौथ्या आळीच्या रहिवासी मंडळाची नितांत श्रद्धा होती. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोन ते साडेतीन, तो समजून घेतला जाई. त्यानंतर सभागृह टेबल टेनिसवाल्यांना द्यावे लागे.

यंदा त्याच वेळात एक ठरावही उरकायचा होता. कचरा ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्याला कुलूप लावायचे आणि चाव्या फक्त मंडळाच्या सभासदांना द्यायच्या. नदीकाठच्या तीनमजली इमारतीत कारखान्यात काम करणारे परदेशी लोक राहत. ते सभासद नव्हते. त्यांना कुणी करून घेतले नव्हते.

"कुलूप लागलं की पीडा टळली," अध्यक्ष कुसाकाबे म्हणाले. त्या इमारतीतल्या कुणाशी ते आजवर एक शब्द बोलले नव्हते. जे असेल ते लेखी कळवत.

"आधी व्याख्यान," सचिव नागुमो म्हणाला आणि त्याने महापालिकेकडून आलेला कागद वाचून दाखवला. "श्रीमती शिगेमात्सु एरिका. ब्राझील. परदेशातील वास्तव्य, सतरा वर्षे."

"सतरा!" पहिल्या रांगेतल्या तोमी आजी म्हणाल्या. "आणि धडधाकट परत आल्या?"

एरिकाबाई दोनला पाच मिनिटे कमी असताना आल्या. वय चाळिशीचे, केस आखूड, बोटांवर जुने व्रण. त्यांनी बूट काढले आणि टाचा जुळवून, तोंडे दाराकडे करून ठेवले.

"बघा," कुसाकाबे नागुमोच्या कानात म्हणाले. "इतकी वर्षं बाहेर काढली, तरी वळण सुटलं नाही. रक्तातच असतं ते."

बाई फलकासमोर थांबल्या. 'चला, परदेश समजून घेऊ या' असे त्यावर जाड कुंचल्याने लिहिले होते.

"अक्षर कुणाचं?"

"या गरिबाचं," कुसाकाबे कमरेत वाकून म्हणाले. "चाळीस वर्षं कुंचला धरतोय."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या आणि व्याख्यानाला उभ्या राहिल्या.

"कामासाठी देश सोडला, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. तयार जेवणाच्या कारखान्यात लागले. भात भरायचा, झाकण लावायचं. राहायला एक खोली मिळाली. पहिल्याच दिवशी मी शेजारच्या घरी साबण घेऊन गेले, ओळख करून घ्यायला. दारं उघडली नाहीत. आत टीव्ही चालू होते."

"जपानी माणूस असं कधी करेल का?" तोमी आजी मोठ्याने कुजबुजल्या. मग जरा हळू, "बोलणं मात्र बाईंचं कसंसंच झालंय हो."

"चालायचंच," कुसाकाबे म्हणाले. "इतक्या वर्षांत जीभ वळतेच."

"सूचनांची पाटी घरोघर फिरायची," बाई सांगत होत्या. "माझ्या दारावरून पुढे जायची. त्यामुळे कचऱ्याचा कुठला वार, ते मला कळायचं नाही. चुकीच्या दिवशी ठेवला, की पिशवी माझ्या दाराशी परत. वर चिठ्ठी."

"म्हणजे पिशवी उघडून बघायचे?" नागुमोने विचारले.

"नाही तर माझी आहे हे कसं कळणार? एकदा योग्य दिवशी ठेवली, तरी परत आली. तेव्हा चिठ्ठीत लिहिलं होतं, 'वास वेगळा येतो.'"

सभागृहात हलकल्लोळ झाला. तोमी आजींनी तांदळाची चकती अर्धी खाऊन खाली ठेवली.

"रानटी!"

"लाज नाही वाटत मेल्यांना!"

"मग कचऱ्याचं केलंत काय?"

"सायकलला बांधून कारखान्यात न्यायचे. दीड तासाचा रस्ता. फोरमनच्या लक्षात आल्यावर तेही बंद झालं. गेल्या महिन्यात मुलाने विचारलं, आई, आपण घाण आहोत का?"

कुसाकाबेंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. ते उभे राहिले.

"मुलाला सांगा, घाण ते लोक आहेत. कुठल्या मंडळाने केलं हे?"

"रहिवासी मंडळानेच. अध्यक्ष स्वतः चिठ्ठ्या लिहायचे."

"अध्यक्ष! अहो, त्या पदाला काही मान असतो! नागुमो, ठराव लिही. चौथी आळी त्या मंडळाचा आणि त्या अध्यक्षाचा तीव्र निषेध करते. हात वर करा."

एकजात हात वर गेले. तोमी आजींनी दोन्ही केले.

"पत्र मी स्वतः लिहितो. आत्ता, बाईंच्या समोर."

कुंचला आला, शाई आली. कुसाकाबेंनी बाह्या सावरल्या. 'आपले वर्तन माणसाला न शोभणारे आहे', अशी सुरुवात करून त्यांनी नऊ ओळी लिहिल्या आणि खाली मंडळाचा तांबडा शिक्का उमटवला. टाळ्या पडल्या.

"तेवढा कुलपाचा ठराव राहिलाय," नागुमो घड्याळ बघत पुटपुटला. "तीन पंचवीस झाले."

"तोही मंजूर," कुसाकाबे म्हणाले. "हात वर करा. झालं. हं बाई, आता पत्ता सांगा. ब्राझीलमधलं कुठलं गाव?"

"ब्राझीलमध्ये माझा जन्म झाला," एरिकाबाई म्हणाल्या. "तिथे कचऱ्याचा त्रास नव्हता."

त्यांनी पिशवीतून रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर, पत्राच्या शेजारी ठेवला. मग वाकून नमस्कार केला, बूट घातले आणि नदीच्या बाजूला चालू लागल्या.

नागुमोने पाकिटावर लिहिण्यासाठी वरच्या चिठ्ठीवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला, मग त्याखालचा तांबडा शिक्का पाहिला, मग अध्यक्षांकडे पाहिले.

अक्षर दोन्हीकडे सारखेच सुंदर होते.