मयताचं नाव

हे लिहिणारच नव्हतो, भीमराज चिडेल म्हणून. सोनईत कुणी वारलं की मृत्यूचा दाखला काढायला घरच्यांसोबत माझा हा मित्र जातो. ग्रामपंचायतीत ‘मयताचं नाव?’ असं विचारलं की घरच्यांची जीभ उचलत नाही. मग नाव तो सांगतो.

परवा त्याच्यासोबत मी गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेब बाहेरगावचे, त्यांना काही माहीत नव्हतं. हसून म्हणाले, “आले का यमाचे कारकून! बोला, आज कोन?”

भीमराज बोलेचना. शेवटी मीच म्हणालो, “विमलबाई. ह्याची आई.”

भाऊसाहेब उठून उभेच राहिले.

बाहेर एसटीडी बूथपाशी भीमराजनं डोळे पुसले. “उद्या परत यायचंय. रंभाजीनाना गेले ना. नानीनं जन्मात त्यांचं नाव घेतलं न्हाई, आता मयत म्हनून घेईल व्हय?”

“मी बी येतो,” मी म्हणालो. “उद्या नाव मी सांगीन.”