कोरोतिमीचं कण्हणं

गादी टेम्पोवर चढली आणि कोरोतिमी कण्हायला लागली.

"बघ," तिचा दीर बेमा पुतण्याला म्हणाला. "रडतेय. म्हातारीला काय माठ समजलास? इथनं उचलला, तिथं ठेवला! मरायचं तर माणसानं आपल्या अंगणात मरावं."

द्रामान आईच्या खाटेजवळ गेला. आईला बोबो शहरात न्यायला तो सकाळीच आला होता. दोन महिन्यांपूर्वी तिला झटका आला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, आणि जिभेवरचे शब्द गेले ते गेलेच. हात रोज चोळून, हलवून घेतला तर सुधारेल, असं शहरातला डॉक्टर म्हणत होता. इथं कोण हलवून घेणार? इथं येणारा जो तो उशाशी बसून उसासे टाकायचा आणि जेवून जायचा.

"आई, नाही का जायचं तुला?" त्यानं वाकून विचारलं.

तिनं मान हलवली. पण झटक्यापासून ती मान हो म्हणायला आणि नाही म्हणायला सारखीच हलायची. कण्हणं तेवढं वाढलं. वर, खाली, परत वर. तोच सूर, थांबायचं नाव नाही.

"झालं समाधान?" बेमा म्हणाला. "उतरव गादी."

गादी उतरली. म्हातारीनं डावा हात खाटेवर आपटला.

"हो, हो, वहिनी, उतरवतोय. दम धर."

मग पातेली उतरली. मग कपड्यांचं बोचकं. सामान जसजसं खाली येई तसतशी ती मोठ्यानं कण्हे, आणि ती मोठ्यानं कण्हे तसतशी ही शहाणी माणसं आणखी घाई करत. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. "मी निघू का? की म्हातारीऐवजी कुणी दुसरं येतंय?"

द्रामाननं डोळे पुसले. "निघ तू," तो म्हणाला.

पलीकडच्या छपराखाली माणसं ज्वारीची दारू पीत बसली होती. चाळीस वर्षं ती दारू कोरोतिमीनं गाळली होती आणि पिणाऱ्यांना शिव्याही तिनंच घातल्या होत्या. बालाफोन नावाच्या एका लांबलचक वाद्यावर तिघं वाजवायला बसले होते. मधला सिबिरी त्याच्या लाकडी पट्ट्यांच्या सुरांतून गिऱ्हाइकांची टिंगल करत होता, आणि ज्याची टिंगल होई तो सोडून बाकीचे हसत होते. गाव सांबला लोकांचं; त्यांच्या बोलीत सुराच्या चढउताराशिवाय शब्द पुरा होत नाही. म्हणून तिथं लाकूडही बोलतं आणि शेंबड्या पोरालाही ते कळतं. लाकडातून आलं तर! तोच सूर आजारी बाईच्या घशातून आला, की त्याला कण्हणं म्हणतात.

टेम्पो सुरू झाला. कोरोतिमी आता जवळजवळ ओरडत होती.

सिबिरीचे हात मध्येच थांबले. त्यानं मान तिरकी केली.

"ए, थांबा रे," तो जोडीदारांना म्हणाला. "मावशी बोलतेय."

"काय बोलतेय?" बेमा खेकसला. "दोन महिने हेच चाललंय तिचं!"

"दोन महिने?" सिबिरी म्हणाला. "आणि तुम्ही सगळे काय करत होता?"

त्यानं वाजवायची मोगरी उचलली आणि म्हातारीचा सूर जसाच्या तसा पट्ट्यांवर उतरवला. एकदा. मग परत एकदा, जरा सावकाश.

छपराखाली कुणी हसलं नाही. बायकांनी तोंडावर हात ठेवले. बेमाच्या काखेत बोचकं होतं, ते तसंच राहिलं. द्रामान टेम्पोमागं धावत सुटला, हात वर करून, "थांब! थांब!" म्हणत. कोरोतिमी एकदाची गप्प झाली आणि घाम पुसत पडून राहिली.

तिसऱ्यांदा लाकूड म्हणालं, "चढवा रे गाढवांनो, सामान चढवा! मला मरायचं नाहीये, बरं व्हायचंय."