चाफ्याचा वास

मीनाक्षीबाई टॅन आंटींच्या पाया पडायला वाकल्या, तर आंटी घाबरून दोन पावलं मागेच सरकल्या. हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये त्यांच्या पायाला असा हात कोणी कशाला लावला असेल! पण मीनाक्षीबाई कसल्या ऐकतात. पाय मिळेनात तर त्यांनी आंटींचे दोन्ही हात धरले आणि भडाभडा रडल्या.

रडू नाही तर काय करू? नात झाली होती. सातव्याच महिन्यात, जेमतेम दीड किलोची, काचेच्या पेटीत. पण मुठी आवळून झोपलेली. आणि लेक, नेत्रा, शुद्धीवर आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फिट आल्याबरोबर कुणीतरी तिला कुशीवर वळवलं आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली म्हणून दोघी वाचल्या. पाच मिनिटं उशीर झाला असता तर... पुढचं मीनाक्षीबाईंनी ऐकलंच नाही.

ते कुणीतरी म्हणजे या आंटी. मूळच्या मलेशियातल्या पेनांगच्या, चिनी घरातल्या, सत्तरीला टेकलेल्या; इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, नेत्राच्या शेजारी एकट्या राहायच्या. आणि याच बाईवर मीनाक्षीबाई आठवडाभर डाफरत होत्या, मनातल्या मनात का होईना.

कारणही तसंच होतं. नेत्राची आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. या वेळी बीपी वाढलेलं, डॉक्टरांनी सोफ्यावरून हलू नकोस म्हणून बजावलेलं. म्हणून मीनाक्षीबाई कराडहून सहा महिन्यांसाठी आल्या, बॅगेत मेतकूट, डिंक आणि चाफ्याच्या उदबत्तीचे बारा पुडे घेऊन. पण धुराने नेत्राला मळमळायचं, आणि छतावरचा अलार्म बोंबलायचा तो वेगळाच. मग त्या रोज तिन्हीसांजेला मागच्या डेकवर जायच्या, काचेचं दार घट्ट लावून घ्यायच्या, उदबत्ती लावून डोळे मिटायच्या आणि एकशे आठ वेळा जप करायच्या. पोरगी सुखरूप सुटू दे, एवढंच मागणं.

नेमक्या त्याच वेळी आंटी टपकायच्या. दाराचा कोड नेत्रानेच दिलेला, त्यामुळे बेलबिल काही नाही. नेत्राजवळ बसून संत्री सोलायच्या. आणि मीनाक्षीबाई जप आटपून आत आल्या रे आल्या की उठून चालू लागायच्या. मी काय हडळ आहे का, असं त्यांनी नेत्राला विचारलंसुद्धा. आई, चिल, म्हणाली ती. वर सोमवारी सोफ्याच्या उशीखाली कात्री सापडली, चांगली शिवणाची, धारदार. मीनाक्षीबाईंच्या मनात नाही नाही ते आलं. त्यांनी जावयाला, परीक्षितला, सांगितलं की दाराचा कोड बदला. वीकेंडला करतो, म्हणाला तो बिचारा.

गुरुवारी नेत्राला फिट आली. परीक्षित वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये, मीनाक्षीबाई बाहेर जपात. सायरन कानावर पडला तेव्हा त्यांचे डोळे उघडले. कोड बदलायला वीकेंड अजून दोन दिवस लांब होता, ही देवाचीच कृपा.

आता आंटी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवत होत्या. मीनाक्षीबाईंनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण आज एक वाक्य धड जुळेना. रोज का यायचात, एवढं कसंबसं विचारलं.

आंटींनी सांगितलं. त्यांच्या पेनांगला पोन्तियानाक असते. बाळंतपणात मेलेली बाई, ती गरोदर बायकांच्या मागे लागते. ती जवळ आली की झाड नसतानाही चाफ्याचा वास सुटतो. लोखंडाला भिते, म्हणून आंटींनी पहिल्याच दिवशी उशीखाली कात्री ठेवली. त्यांची थोरली बहीण अशीच दिवस भरत आले असताना गेली, संध्याकाळची, घरात एकटी. आंटी तेव्हा अंगणात खेळत होत्या. आणि आता इतक्या वर्षांनी, चाफ्याचं एक झाड नसलेल्या या गल्लीत, नेत्राच्या घरामागून रोज संध्याकाळी चाफा दरवळायला लागला.

मीनाक्षीबाईंना आपली डेकवरची उदबत्ती आठवली. म्हणजे ते भूत आपणच! गप्प बसता आलं असतं. म्हातारीची समजूत होती, तिने दोन जीव वाचवले, झालं. पण ज्या बाईला दाराबाहेर काढायला निघालो होतो, तिच्याशी आज तरी लपवाछपवी नको. त्यांनी पर्समधून उदबत्तीचा पुडा काढला आणि आंटींच्या तळहातावर ठेवला.

"भूतबीत काही नव्हतं, आंटी. ती मी होते."

आंटींनी पुडा नाकाशी नेला, मान डोलावली आणि हसल्या.

"माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून पाहिलं तुम्हाला."

"मग तरी रोज आलात?"

"तुम्ही तिच्यासाठी डोळे मिटून बसायचात ना," आंटी पुडा परत देत म्हणाल्या, "तेवढा वेळ तिच्यापाशी कुणाचे तरी डोळे उघडे नकोत का?"