बारीक नळ्या

सूक्ष्मदर्शकाखालच्या लाकडाच्या पातळ कापावरून नजर न काढता लेक म्हणाली, “बाबा, आई गेल्यावर तिच्या झाडाला दुष्काळात तुम्ही पाणी घातलंच नाही.”

“घातलं की! रोज एक बादली. फोनवर सांगत नव्हतो का?”

“लाकूड वेगळंच सांगतंय. पाणी मिळेनासं झालं की झाड आतल्या नळ्या बारीक करतं आणि तग धरतं. ही दुष्काळातल्या दोन वर्षांची वर्तुळं बघा. नळ्या केसाहून बारीक.”

बाबांनी एक डोळा मिटून बघितलं. “गुडघे गेले होते. बादली घेऊन डोंगर चढवत नव्हता.”

“मग तसं सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर शिक्षण सोडून आली असतीस. मग आज माझी चोरी पकडली असती कुणी?”