धुळवडीचा मान

धुळवडीच्या सकाळी बसवराजअप्पांनी कापडदुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि योगीराजला स्वतःच्या हातानं चहा दिला. लेकाच्या या दोस्ताचा त्यांना असा राग, की एरवी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

कारण सगळ्या गावाला ठाऊक. परदेशात पुरुषा-पुरुषांच्या लग्नाचा कायदा झाला, अशी बातमी केबलवर आली. त्यावर माजलगावच्या कॉलेजात वादविवाद ठेवला, तर एमएला असलेला हा योगीराज माईकवर म्हणाला, "आमाला बी लग्नाचा हक्क पायजे."

'त्यांना' म्हणाला असता तर खपलं असतं. आमी म्हंजी अजून कोण, असं पुटपुटत गिऱ्हाइकं अप्पांच्या लेकाकडं, संगमेशकडं बघू लागली. संगमेश खाली मान घालून कापड मोजायचा. आत्ताही आत धुळवडीच्या मानाच्या पोशाखाला इस्त्री करत होता.

अप्पा आज उट्टं काढणार होते. हा पोरगा पुन्हा वेशीकडं फिरकला नाही, की लेक आपोआप ताळ्यावर येईल.

धुळवडीला जावयाला चपलांचा हार घालून गाढवावर मिरवायची गावाची रीत. शेवटी देवळापुढं नवा पोशाख देऊन त्याचा मान करायचा. पोशाख दरसाल अप्पांच्याच दुकानातला. औंदा मात्र झाडून सगळे जावई पळाले होते. गाढव पाराशी रिकामंच.

"माणूस मी देतो," अप्पा हरिबाला म्हणाले. मिरवणुकीचा भोंगा हरिबाकडं असे.

"कुणाच्या घरचा म्हणून पुकारू?"

"माझ्या घरचा म्हण." सूड कुणी घेतला ते पंचक्रोशीला कळायला नको?

योगीराज स्वतःच गाढवावर टांग टाकून बसला.

"कावून हसायलास बे?"

"काय न्हाई, अप्पा. तुमीच बसवलं, एवढं ध्यानात असू द्या."

अप्पांनी हारात आपली एक जुनी चप्पल वाढवली. गावभर हलगी वाजली, शेण उडालं, शिव्या झाल्या. अप्पांचं काळीज गार झालं.

मारुतीच्या देवळापुढं गाढव थांबलं. हरिबानं योगीराजच्या गळ्यातला हार काढला आणि नेहमीच्याच सुरात भोंग्यातून पुकारलं, "औंदाचा गावचा जावई, बसवराजअप्पांच्या घरचा, योगीराज!"

सवयीनं सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या.

गर्दीतून पोशाखाचं ताट घेऊन संगमेश पुढं आला. योगीराजच्या शेजारी उभा राहिला आणि मान वर करून म्हणाला, "अप्पा, आमी पाया पडतो."